पिवळा पडलेला कढीपत्ता

प्रश्न : मी कोल्हापुरात साने गुरुजी वसाहतीतील एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. माझे माहेर शिरोळ तालुक्यातले. तेथील परसातून कढीपत्त्याचे एक रोप दोन वर्षांपूर्वी तिथल्याच मातीसह आणून मी प्लॅस्टिकच्या कुंडीत लावले. माहेरचे ते घर आता आमचे राहिलेले नाही, त्यामुळे या रोपात माझा जीव गुंतला आहे. कुंडी स्वयंपाकघराच्या उत्तरेकडील खिडकीत असते. श्रावणापासून नवी पाने पिवळी येत आहेत, मात्र त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. जुन्या पानांची टोके करपली आहेत आणि हात लागताच ती गळतात. पानांवर चिकट काळा थर दिसतो, खोडावर मुंग्यांची रांग असते आणि कुंडीभोवती चिलटे उडतात. मी रोज एक तांब्या पाणी घालते. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी त्यासाठी वापरते. दोन चमचे डीएपी, अधूनमधून ताक आणि उरलेल्या चहाचा चोथाही घातला आहे. भाचा म्हणतो, मळ्यातले फवारणीचे औषध आणून देतो. आता कोणते खत घालावे?

उत्तर : आपण शेवटी जे विचारले आहे त्याचे उत्तर आधी देतो. आज, या महिन्यात आणि झाडाला नवी पालवी धरेपर्यंत वरून कोणतेही खत घालू नका. आपल्या झाडाची उपासमार झालेली नाही. त्याच्या मुळांना श्वास घेता येत नाही. ज्या झाडाची मुळे काम करीत नाहीत, त्याच्या कुंडीत घातलेले प्रत्येक खत मुळांभोवती क्षार होऊन साचते आणि उरलेल्या निरोगी मुळांतील पाणीही बाहेर ओढून घेते. जुन्या पानांची करपलेली टोके हीच गोष्ट सांगत आहेत.

आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की बहुतेक निदान पत्रातूनच होते. पिवळेपणा कोणत्या पानांवर आला आहे, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे असते आणि नेमके तेच लोक सहसा सांगत नाहीत. झाडाला नत्र (नायट्रोजन) कमी पडले तर ते जुन्या पानांतील नत्र काढून शेंड्याकडे नेते, म्हणून आधी खालची पाने फिकी पडतात आणि ती शिरांसकट सरसकट फिकी पडतात. मॅग्नेशियमची कमतरताही अशीच जुन्या पानांवर आधी दिसते, फक्त त्यात शिरांच्या मधला भाग पिवळा होतो. लोहाचे तसे नाही. एकदा पानात बसलेले लोह झाडाला सहजी दुसरीकडे नेता येत नाही. त्यामुळे मुळांकडून होणारा पुरवठा थांबला की सर्वांत कोवळे पान पिवळे येते आणि त्यावर हिरव्या शिरांची जाळी उठून दिसते. आपल्या झाडावर हेच दिसत आहे.

आता आपण म्हणाल की माहेरच्या काळ्याभोर, कसदार मातीत लोहाची कमतरता कशी असेल. मातीत लोह नक्कीच आहे, परंतु ते झाडाला घेता येत नाही. शिरोळकडची नदीकाठची काळी माती बहुधा विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची असते, चुन्याचा अंश बाळगते, आणि अशा मातीत लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून राहते. त्यातच माती सतत ओली राहिली, तर लोह घेण्याची मुळांची शक्ती आणखी कमी होते. डीएपीमध्ये १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद (फॉस्फेट) असते. एवढ्याशा कुंडीत दोन चमचे डीएपी म्हणजे स्फुरदाचा फार मोठा डोस झाला आणि जादा स्फुरद लोह व जस्त या दोन्हींना बांधून ठेवते. आपण झाडाला बळ यावे म्हणून जे घातले, त्याने मूळ तक्रार वाढली असणार.

काळ्या मातीला मी दोष देत नाही. शेतात तिच्यासारखी माती नाही. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, हवा आत जाते, आणि पावसाचे पाणी हळूहळू कित्येक फूट खाली उतरते. कुंडीत मात्र तिला खोलीच मिळत नाही. चिकणमातीचे सूक्ष्म कण पाणी पिऊन फुगतात, मधल्या पोकळ्या बंद होतात आणि कुंडीच्या तळाशी पाण्याने भरलेला एक थर कायमचा धरून राहतो. वरून माती कोरडी, भेगाळलेली दिसते म्हणून आपण पाणी घालतो. ते पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली उतरून त्याच ओल्या थरात भर घालते. चिलटांचे कारणही हेच आहे. ती कायम दमट, कुजत्या मातीत अंडी घालतात, आणि चहाच्या चोथ्यातील दूध-साखर व ताकाचा अंश त्यांना आयते खाद्य पुरवतो. थोडे पातळ आंबट ताक निरोगी झाडाला अपाय करीत नाही, परंतु सध्याच्या कुंडीत ते नको.

पाण्याविषयी लिहिताना मला संकोच वाटतो, कारण त्यामागचा आपला हेतू अतिशय चांगला आहे. आरओ यंत्र नळाच्या पाण्यातील विरघळलेले क्षार गाळून बाजूला काढते आणि ते सारे क्षार बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्यात जातात. म्हणजे हे पाणी मूळ नळाच्या पाण्यापेक्षा अधिक खारट असते. जमिनीत लावलेल्या झाडाखालून पावसाळ्यात क्षार धुऊन जातात, खिडकीतल्या कुंडीतून ते जात नाहीत. कुंडीच्या काठाशी किंवा मातीवर पांढुरका थर दिसत असेल तर तो याच क्षारांचा आहे. हे पाणी फरशी पुसण्यासाठी आणि संडासासाठी अवश्य वापरा. कुंडीला मात्र साधे नळाचे पाणी द्या. कोल्हापुरात चार महिने पाऊस पडतो, तेव्हा गच्चीवर बादली ठेवून धरलेले पाणी कढीपत्त्याला सर्वांत मानवते. फक्त ते झाकून ठेवावे आणि कुंडीखालच्या ताटलीतही पाणी साचू देऊ नये, कारण डेंग्यू पसरवणारे डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतात.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. एरवी कुंडी बदलण्यासाठी मी फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबा असे सांगितले असते, परंतु कुजणारी मुळे तोवर थांबणार नाहीत, आणि दसऱ्यानंतरच्या या उबदार दिवसांत झाडाला सावरायला अजून अवधी आहे. तीन दिवस पाणी पूर्ण बंद ठेवा. चौथ्या दिवशी कुंडी आडवी करून कडांवर हलकेच थोपटा आणि खोड न ओढता मुळांचा गोळा बाहेर सरकवा. तो बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवला म्हणजे काळी माती आपोआप सुटेल. हाताने ओरबाडून काढू नका. मग मुळे नीट पाहा. निरोगी मूळ पांढुरके किंवा फिकट पिवळसर व ताठ असते. कुजलेले मूळ काळपट, मऊ असते, त्याला वास येतो, आणि चिमटीत धरून ओढले की वरची साल निघून आत केवळ दोऱ्यासारखा तंतू उरतो. अशी सारी मुळे स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने निरोगी भागापर्यंत कापून टाका. जितकी मुळे गेली असतील त्या मानाने वरचा भारही कमी करावा लागतो, म्हणून शेंड्यांचा साधारण एक तृतीयांश भाग छाटून टाका. मन घट्ट करून हे करावे. उरलेल्या थोड्या मुळांना सगळ्या पानांचे पाणी पुरवावे लागले, तर झाड छाटणीने जितके दुखावेल त्याहून अधिक दुखावेल.

निम्म्याहून अधिक मुळे पांढरी निघाली, तर काळजीचे कारण नाही. जवळजवळ सगळीच काळी निघाली, तर खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहा. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे आणि पुढचे सारे प्रयत्न करण्याजोगे आहेत.

नव्या कुंडीसाठी मातीचीच कुंडी घ्या, कारण तिच्या भिंतींतूनही ओल सुकते. ती उरलेल्या मुळांच्या गोळ्यापेक्षा फार मोठी नको. मोठ्या कुंडीत मुळे पोहोचत नाहीत तेवढी माती नुसतीच ओली राहते. तळाला चार-पाच भोके असावीत आणि त्यांवर खापरीचे तुकडे ठेवावेत. तळाशी खडीचा जाड थर घालण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, परंतु त्याने निचरा सुधारत नाही. पाण्याने भरलेला थर तेवढा वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. मिश्रणासाठी दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू आणि एक भाग भाताचे तूस घ्या. पन्हाळा, राधानगरी, शाहूवाडी या बाजूची जांभ्याची लाल माती आम्लधर्मी, लोहयुक्त आणि पाणी न धरणारी असते, म्हणजे कढीपत्त्याला हवी अगदी तशी. रोपवाटिकांत ती पोत्याने मिळते. तूस भाताच्या गिरणीत मिळेल. आपल्या भागात उसाचे चिपाड सहज मिळते म्हणून काही जण तेच कुंडीत भरतात, पण न कुजलेले चिपाड कुजताना मातीतील नत्र स्वतःकडे ओढते. साखर कारखान्यातील ताजे प्रेसमडही (रस गाळून उरलेली मळी) कुजताना तापते आणि मुळांना चटका देते. ही दोन्ही टाळा.

आणि माहेरच्या मातीबद्दल. ती सगळी फेकून द्या असे मी सांगणार नाही. वाळवून, फोडून तिची एक ओंजळ नव्या मिश्रणात मिसळलीत तर झाडाचे काहीही बिघडणार नाही.

लावून झाल्यावर एकदा भरपूर पाणी घाला, तळातून ते वाहून जाऊ द्या, आणि आठ-दहा दिवस कुंडी उजेडात परंतु थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा. त्यानंतर तिची कायमची जागा बदलावी लागेल, कारण उत्तरेची खिडकी या झाडासाठी योग्य नाही. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य दुपारी आपल्या डोक्याच्या उत्तरेकडे जातो तो साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि यातला निम्म्याहून अधिक काळ आभाळ ढगांनी भरलेले असते. दसऱ्यापासून पुढे सारा हिवाळा उत्तरेच्या खिडकीत उन्हाची तिरीपही येत नाही. कढीपत्ता लिंबू, संत्रे, बेल यांच्या कुळातला. त्याला रोज किमान पाच-सहा तास ऊन हवे. आपल्या झाडाची पेरी लांब आणि खोड बारीक झाले असेल, तर ते उजेडाकडे धावत वाढले आहे असे समजावे. शिवाय कमी उजेडात झाड पाणी कमी पिते, म्हणून तेच एक तांब्या पाणी उन्हातल्या झाडाला कदाचित पुरले असते आणि खिडकीतल्या झाडाला मात्र बुडवत राहिले. घराला पूर्वेची किंवा दक्षिणेची गॅलरी असेल तर कुंडी तेथे न्या. पहिल्या आठवड्यात सकाळचे दोन तास ऊन, मग हळूहळू अधिक. एकदम दिवसभराच्या उन्हात ठेवले तर सावलीत वाढलेली पाने करपतात. गॅलरी नसल्यास इमारतीच्या गच्चीसाठी शेजाऱ्यांची परवानगी घेणे हाच उपाय मला दिसतो, कारण घरातल्या साध्या दिव्याचा उजेड या झाडाला पुरणार नाही.

यापुढे पाणी रोज घालू नका. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहा, आत ओल लागली तर थांबा, कोरडे लागले तर तळातून वाहीपर्यंत घाला. काही दिवसांत कुंडी किंचित उचलून वजनावरूनच आपल्याला अंदाज येऊ लागेल. थंडीत झाडाची वाढ जवळजवळ थांबते, काही पाने आपोआप गळतात आणि पाणीही फारच थोडे लागते. त्यावेळी घाबरून पुन्हा पाणी वाढवू नका.

लोहासाठी लाल माती बहुधा पुरेशी ठरेल. तरीही महिन्याभरानंतर येणारी कोवळी पाने पिवळीच आली, तर हिराकस (फेरस सल्फेट) २ ग्रॅम एक लिटर नळाच्या पाण्यात विरघळवून, त्यात लिंबाच्या रसाचे थोडे थेंब टाकून, संध्याकाळी पानांवर फवारा आणि पंधरा दिवसांनी आणखी एकदा. द्रावण प्रत्येक वेळी ताजे करावे, कारण ठेवले की ते तांबूस होते आणि निरुपयोगी ठरते. कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकून न राहणाऱ्या रूपातले लोह, घेणार असाल तर वेष्टनावर ईडीडीएचए असे लिहिलेले पाहून घ्या. ईडीटीए हा स्वस्त प्रकार विम्लधर्मी मातीत फारसा टिकत नाही. करपलेली टोके पुन्हा हिरवी होणार नाहीत. झाड सुधारले की नाही हे केवळ नव्या पानांवरून ठरवायचे.

चिकट काळा थर म्हणजे काजळीसारखी एक बुरशी आहे, पण ती पानाच्या आत शिरत नाही. किडीने टाकलेल्या गोड स्रावावर ती वाढते आणि त्याच स्रावासाठी मुंग्या येतात. पानांच्या खालच्या बाजूला आणि खोडाच्या बेचक्यांत पाहा. तपकिरी, चपटे, नखाने सुटणारे ठिपके दिसले तर ती खवले कीड. पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर पिठ्या ढेकूण. दोन्हींवर उपाय एकच आहे. जुन्या मऊ दातब्रशने साबणाच्या पाण्यात भिजवून कीड घासून काढावी, पाने पुसून घ्यावीत, आणि मग एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा पातळ साबण मिसळून सूर्य मावळल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंना फवारावे. दर आठवड्याला एकदा, असे तीन आठवडे करावे, कारण खवल्याखाली लपलेली अंडी पहिल्या फवारणीत मरत नाहीत. कीड गेली की काळा थर आपोआप सुकून गळतो. पुढच्या वर्षी कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि नंतर हिरवी होणारी अळी आढळेल. ती लिंबाच्या फुलपाखराची असते आणि हाताने उचलून बाजूला केली तरी पुरते.

भाच्याने देऊ केलेले मळ्यातले औषध कृपा करून घरात आणू नका. हे सांगताना मला कोणताही मध्यम मार्ग सुचवायचा नाही. उसावर किंवा कपाशीवर मारायची अनेक औषधे आंतरप्रवाही असतात. ती पानाच्या पेशींत शिरतात आणि पान कितीही धुतले तरी निघत नाहीत. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधाच्या भाजीपाल्यावरील वापरावर आपल्या देशात २००५ साली बंदी आली, ती याच धोक्यामुळे. ज्या झाडाची पाने आपण आमटीच्या फोडणीत टाकणार, जी कुंडी स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर राहणार आणि ज्या बाटलीतले उरलेले औषध घरात कोठेतरी ठेवावे लागणार, तेथे अशा औषधाला जागा नाही. भाच्याची माया खरी आहे. त्याला लाल मातीचे पोते आणायला सांगा.

रोप जपण्याची एक दुसरी वाटही याच कामात खुली ठेवता येईल. कढीपत्ता मुळांपासून फुटवे देतो. कुंडी बदलताना बुंध्याजवळ स्वतःची मुळे असलेला फुटवा दिसला, तर तो मुळांसकट धारदार चाकूने वेगळा करून लहान कुंडीत, त्याच मिश्रणात लावा. मात्र मूळ झाडाकडेच फार थोडी मुळे उरली असतील तर ते आत्ता करू नका, पावसाळ्यापर्यंत थांबा. फांदीची कलमे सहसा लागत नाहीत, त्यांवर विसंबू नये. शिरोळला जुन्या शेजाऱ्यांच्या परसात आपल्या झाडाचे फुटवे किंवा पक्ष्यांनी नेलेल्या बियांपासून उगवलेली रोपे असण्याची शक्यताही चांगली आहे. एकदा विचारून पाहा. ताजी, काळसर जांभळी पिकलेली फळे मिळाली तर गर काढून बी लगेच पेरावे, वाळवून ठेवलेले बी लवकर मरते.

पालवी तीन ते सहा आठवड्यांत दिसावी. थंडी लवकर पडली तर फेब्रुवारीपर्यंत वाट पाहावी लागेल. तोपर्यंत एकही पान तोडू नका, फोडणीसाठी बाजारातून जुडी आणा. मार्चमध्ये वाढ सुरू झाली की मूठभर गांडूळखत आणि चमचाभर निंबोळी पेंड द्या, आणि त्यानंतर दर दोन महिन्यांनी तेवढेच. निंबोळी तेल फवारल्यानंतर किमान आठवडाभर पाने वापरू नयेत आणि नंतरही धुऊनच घ्यावीत. तोडायला सुरुवात कराल तेव्हा दांड्यावरची सुटी पाने ओरबाडू नका. खालचा जून दांडा पूर्ण काढा, किंवा फांदीचा शेंडा पानाच्या बेचक्याच्या किंचित वर खुडा, म्हणजे तेथून दोन नव्या फांद्या फुटतील.